रकाना चौदा

"रात्री सरासरी किती तास झोपता?"
रकाना चौदा. एकच आकडा मावतो.
अर्धा तास लिहायला गेलं की टॅब लाल होतो.

पाजपंढरीच्या गल्लीत भर दुपारी
वलांडीवरच्या बोंबलांखालून वाकून जाते मी,
गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर रक्तदाबाचं यंत्र.

हिराजी चोगले, वय एकावन्न, तांडेल.
"आठ दिवस पाण्यात. तिथं झोप कसली, डुलकी.
जाळं सोडलं की दोन तास, ओढायला घेतलं की संपली.
घरी आलो की मग ओंडका. दहा तास."
मी बेरीज करते, भागते. सहा.
टॅब खूश. हिरवा.
यंत्र मात्र एकशे अठ्ठावन्न दाखवतं.
"खार लागलाय तुमच्या मशीनला," हिराजी म्हणतो.

भानुमती, त्याची बायको, कोळंबी सोलतेय.
वर न बघता:
"झोप कोण मोजतो, सिस्टर?
हा पाण्यात असला की तीन तास, कान इंजिनाकडे.
घरात असला तरी तीनच. घोरतो."
अख्खी गल्ली हसली.
हसता हसता तिनं मनगटानं डावा जबडा दाबला.
"पित्त. पाठीतनं वर चढतं. सोडा प्याला की उतरतं."
मी हसायची थांबले.

दापोलीच्या प्रशिक्षणात डॉक्टरांनी फळ्यावर रेघ काढली होती,
डावीकडे उंच, मधे खोल, उजवीकडे परत उंच.
एका टोकाला फार कमी झोपणारे, दुसऱ्याला फार जास्त,
मधे साताच्या आसपास हृदय जरा निवांत.
"बायकांची रेघ वेगळी निघते का?"
"कुठे निघते, कुठे नाही. वाद चालू आहे अजून."
मग चहा आला.
मला ती रेघ होडीसारखी दिसत राहिली:
नाळेवर एक जागा, सुकाणूपाशी एक जागा,
आणि मधे, जिथे आडवं व्हावं,
तिथे बर्फ भरलेला.

उजव्या टोकाला माझे अप्पा होते.
आई गेल्यावर दहा दहा तास झोपायचे, दुपारी आणखी.
शेजारी म्हणायचे, नशीबवान, गोळीशिवाय लागते.
मीही म्हणायचे. नर्स असून.
एका सकाळी चहा तसाच निवला.
झोपेनं त्यांना नेलं,
की दमलेलं हृदयच कधीपासून अंथरूण मागत होतं,
हे फळ्यावरच्या रेघेत कळत नाही.

बंदर मोहल्ल्यात जुलेखा होडेकर.
मुलगा कुवेतला, ड्यूटी सुटली की फोन करतो, रात्री अडीचला.
"मग फजरपर्यंत नुसती पडून. पाच लिहा.
पडलेलं धरतात ना?"
मी पाच लिहिले.

भानुमतीला चिठ्ठी दिली: ईसीजी, दापोली, उद्याच.
"उद्या होड्या लागतायत."
मग परवा.
"परवा बर्फाचे पैसे द्यायचेत."
तारीख तीनदा खोडली. शेवटी म्हटलं,
गुरुवारी मीच येते न्यायला.

आज गुरुवार.
ती जाळ्यांच्या ढिगावर, तोंड उघडं,
बोटांत जाळं सांधायची सुई तशीच.
माझंच काळीज एक ठोका चुकलं.
मग पदर हलला. वर. खाली. परत वर.

एसटी नऊ चाळीसची.
आत्ता नऊ बावीस.
स्टॉपपर्यंत चालत पाच मिनिटं, तिला सहा धरू.
लिलावाची ओरड किनाऱ्यावरून इथवर येतेय,
कावळा सोडेच्या टोपलीवर येऊन गेला,
तिला काही ठाऊक नाही.

मी टाचा वर करून ढिगाच्या कडेला बसते,
सर्व्हेच्या कागदानं माशा वारते.
बारा मिनिटं आहेत.
टॅब घेणार नाही, तरी मोजते.
नऊ चौतीसला हाक मारीन.